व्हॅनिलाचं पहिलं फूल

मेक्सिकोत टोटोनाक नावाचे लोक आहेत. व्हॅनिला मूळची त्यांची. त्यांच्यात सांगतात, देवीला वाहिलेली एक राजकन्या प्रियकराबरोबर पळाली, पुजाऱ्यांनी तिला मारलं आणि तिचं रक्त सांडलं तिथे हा वेल उगवला. मी हे कुठेतरी वाचलं आणि झालं, डोक्यात किडा शिरला! शिरवण्यात आमच्या घरामागे उंदीरमारीचं झाड आहे. टोटोनाक शेतकरीही वेल त्याच झाडावर चढवतात. म्हटलं, आपलंही जमेल, आणि वेल आणून लावला. पुढे कित्येक वर्षं वेलाने नुसती पानं दाखवली आणि शेजारणींनी "ही कसली भाजी?" विचारून माझा जीव खाल्ला.

यंदा एकदाच्या कळ्या आल्या. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात काडीने पराग लावले तरच शेंग धरते. मेक्सिकोत हे काम करणारी मधमाशी आपल्याकडे नाही. आता तर तिथेही बरेचसे लोक हातानेच करतात. हे सगळं मी घरात महिनाभर घोकत होते. पहिली कळी उमलायच्या दिवशी टूथपिक घेऊन मागे गेले, तर देठ रिकामा. फूल देव्हाऱ्यात, एकवीरेपुढे.

"आई, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

सत्याऐंशी वर्षांच्या सासूबाई शांत. "पयलं फूल देवाचं हाय गो. त्यात इचारायचं काय?"

मी पुन्हा ती राजकन्येची गोष्ट सांगितली, वेल किती मोलाचा ते पटवायला. "देवीला वाह्यलेली ना ती?" त्या म्हणाल्या. "मंग देवीचंच झालं." दिवसभर मी भांडी आपटत होते.

दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमलली. मी उजाडताच तिथे हजर, आणि त्याही. त्यांनी देठ धरला, मी पराग लावले. पुढे चार दिवस फूल गळलं नाही. म्हणजे शेंग धरली होती.

"कवा व्हयाची ही?"

"नऊ महिन्यांनी. मग सुकवायची, ते आणखी काही महिने."

त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"मंग आज देवीकडं मागते," त्या म्हणाल्या. "ही पिकलेली बगेपरत मला ठेव म्हनून."

आणि भिंत धरत आत गेल्या. मला तिथेच रडू कोसळलं, आणि त्याचाही त्यांच्यावरच राग आला.