हिमनदीवर ओला गमछा

काका गप्प झाले तेव्हा मला आधी बरंच वाटलं, हे आत्ताच सांगून टाकते.

सकाळपासून आम्ही हिमनदीवर चालत होतो आणि काका माझ्या मागे त्याच दोराला बांधलेले होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यापासून सुटका नव्हती. केळीचा भाव, बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या गोदामात माल कसा पिकवतात, जावयाने कुठली गाडी घेतली, सगळं पाठीमागून ऐकू येत होतं. एवढ्या उंचीवर लोकांना श्वास घ्यायला हवा पुरत नाही, या गृहस्थांना भाषणालाही पुरत होती. मग दुपार कलली आणि मागचा आवाज बंद झाला. मला वाटलं, चला, दमले एकदाचे.

मी पर्वतारोहणाची गाईड आहे. लोकांना शिखरावर न्यायचं आणि धडपणे खाली आणायचं, हे माझं काम. बुधवारा मोहल्ल्यात वाढलेली मुलगी बर्फात काय करते, असं बुऱ्हाणपुरात अजून विचारतात. मी आता उत्तर द्यायचं सोडलंय. शिखर हिमाचलातल्या लाहौलमधलं होतं, सहा हजार मीटरच्या वरचं. वाटेत मोठी हिमनदी. हिमनदी म्हणजे दरीभर साठलेला आणि मुंगीच्या चालीने खाली सरकणारा बर्फ. त्याला खोल भेगा पडतात आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली त्या दिसत नाहीत. म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून चालायचं. एक जण भेगेत गेला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं.

लीडर म्हणून माझी ही पहिली मोहीम, आणि ग्रुप नेमका माझ्याच गावचा. पाच जण. बँकेतले दोघे दोस्त, ते दोर्जेच्या दोरावर. दोर्जे म्हणजे माझा सहकारी गाईड, तिथलाच, हा डोंगर त्याच्या पायाखालचा. माझ्या दोरावर काका, सर आणि वहिनी. काका म्हणजे केळीचे व्यापारी, सगळ्या गावाचेच काका. सरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ज्यांच्यासमोर मी कान धरून उभी राहिले, त्यांना आता "बूट नीट बांधा" म्हणायचं होतं. ते मला जमत नव्हतं. मी म्हणायचे, "सर, बूट बांधले तर बरं होईल."

वहिनींची चांदनी गावाकडे केळीची बाग. ग्रुपमध्ये सगळ्यात तयारीच्या त्याच. बाकीचे सरावाच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरायचे, त्या केळी भरायच्या आणि उतरताना वाटून टाकायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगून टाकलं होतं, "ताई, मले वर जायचंच आहे. कायले, ते विचारू नका." मी विचारलं नाही. त्यांच्या घरून एकच फोन यायचा, जावेचा, आणि तो ठेवल्यावर वहिनी आणखी भरभर चढायच्या. मला तेवढं पुरलं.

पण ग्रुप जमवला काकांनी. दर रविवारी या सगळ्यांना झोपेतून उठवून असीरगडावर पळवणारे तेच. निघायच्या आधीच्या रविवारी गडावरच्या महादेवापुढे त्यांनी सगळ्यांचे हात एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "पाचही जण वर जायचं, नाही तर एकानेही नाही. माझी शपथ आहे." सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेसुद्धा. आमच्या धंद्यात हे वाक्य फार धोक्याचं असतं, पण देवळात कोण वाद घालणार? मी प्रसाद खाल्ला आणि गप्प बसले.

तर काका गप्प झाले. तेवढ्यात सूर्य कड्यामागे गेला आणि वारा सुटला. दोर ताणला गेला म्हणून मी वळले. काका उभे होते. "चला काका," म्हटलं. ते "हो हो" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचा एक हातमोजा निघाला होता आणि तो त्यांना परत घालता येत नव्हता. मी मागे जाऊन त्यांना अंगठा करंगळीला लावायला सांगितलं. ही आमची साधी परीक्षा आहे. शरीर आतून गार पडायला लागलं की हे जमत नाही. काकांचा अंगठा मधल्या बोटापर्यंत जाऊन थांबला.

मी त्यांच्या जॅकेटची चेन उघडली. आत गमछा. डोक्याला, गळ्याला गुंडाळून टोक छातीवर खोचलेलं, आणि सगळा चिंब ओला. बाहेर राहिलेली कड बर्फाने ताठ झाली होती. आतला शर्टही ओला.

वाचणाऱ्याला नवल वाटेल, पण दुपारी हिमनदीवर भयंकर उकडतं. खालून बर्फ ऊन परत फेकतो, चारी बाजूंनी पांढऱ्या भिंती, वाऱ्याची झुळूक नाही. माणूस घामाने निथळतो. मेच्या उन्हात बुऱ्हाणपूरचा माणूस काय करतो? गमछा ओला करून डोक्याला बांधतो. काकांनी आयुष्यभर तेच केलं होतं. विश्रांतीला थांबलो तेव्हा बर्फाच्या पाण्याचा ओहोळ दिसला, त्यांनी गमछा बुडवला. मी पुढची वाट शोधत होते, त्यांच्याकडे माझी पाठ होती. सरांनी मागून पाहिलं आणि त्यांना ते पटलंसुद्धा. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं, हे मला आठवीत शिकवणारे सरच.

ते आता म्हणाले, "वैशाली, त्यांना चालत ठेव. हालचालीने ऊब येईल."

"सर, तुम्ही बोलू नका," मी म्हणाले. "पिशवी खाली ठेवा आणि तंबू काढा."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. अख्ख्या जन्मात मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. आवाज स्थिर होता.

ठरलेला कॅम्प आणखी वर होता. मी शिट्टी मारून पुढे गेलेल्या दोर्जेला परत बोलावलं. त्याने लांब काठी खुपसून आजूबाजूचा बर्फ तपासला, भेग नाही याची खात्री केली आणि तिथेच तंबू उभे केले. काकांचे सगळे ओले कपडे काढले, कोरडे घातले, स्लीपिंग बॅगमध्ये कोंबलं, काखेत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. वहिनी मायेने त्यांचे तळवे चोळायला लागल्या, त्यांना थांबवलं. अशा वेळी हातपाय चोळायचे नसतात, तिथलं गार रक्त हृदयाकडे धावतं. ऊब हळूहळूच द्यायची. मग सरांना म्हटलं, काकांना चिकटून झोपा. बुधवाऱ्यातले निवृत्त शिक्षक लालबागेतल्या व्यापाऱ्याला मिठी मारून पडून राहिले, आणि कोणालाही हसू आलं नाही.

किती वेळ गेला ते मला आठवत नाही. काका आधी थरथर कापायला लागले. हे चांगलं लक्षण, शरीर स्वतः झगडायला लागलं की माणूस कापतो. मग ते गोड गरम पाणी प्यायले. मग डोळे मिटूनच म्हणाले, "औंदा केळीले भाव बरा राहील." मी तंबूबाहेर गेले आणि रडले. सकाळपासून ज्या भावाचा मला वीट आला होता, तो ऐकून रडले.

संध्याकाळी वायरलेसवर मोहीम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांशी बोलले. हवामान दुसऱ्या दिवसापुरतंच चांगलं होतं, त्यानंतर ढग. म्हणजे वर जायचं तर उद्याच. मी सांगितलं की काका जाणार नाहीत, एकदा गार पडलेलं अंग दुसऱ्यांदा लवकर गार पडतं. त्यांच्यापाशी एक गाईड हवा. मी थांबते, दोर्जे बाकीच्या चौघांना नेईल. साहेब म्हणाले, लीडर खाली आणि ग्रुप वर, हे रिपोर्टमध्ये कसं दिसेल? मी म्हटलं, जसं आहे तसं दिसेल. मला जायचं नव्हतं असं नाही. पहिली मोहीम होती, फार जायचं होतं. पण सगळ्यात अशक्त माणसाजवळ लीडरने राहायचं असतं, आणि वरची वाट दोर्जेला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

मी हे तंबूत सांगितलं तर कोणी हलेना. बँकेतले दोघे खाली बघत बसले. सर म्हणाले, "शब्द दिलाय. काका नाहीत तर आम्ही नाही." आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून मला जास्तच राग आला. घरदार सोडून, रविवार न् रविवार घाम गाळून ही माणसं इथवर आली होती आणि आता एका वाक्यापायी परत फिरणार होती. तेवढंच नाही. ती परत फिरली असती तर काका आयुष्यभर स्वतःला माफ करू शकले नसते.

काका म्हणाले, "अरे, मी उद्यापर्यंत एकदम फिट होतो ना यार. सगळे सोबतच जाऊ."

मी म्हटलं, "नाही काका."

"बेटा, हळूहळू चालेन."

"नाही."

ते माझ्याकडून सरांकडे वळले. सरांनी या वेळी मान खाली घातली. मग वहिनी सरकून काकांजवळ बसल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "सुटली म्हणा."

ज्याने शपथ घातली त्यानेच ती सोडवायची असते. आम्ही लहानपणी खेळतानाही हेच करायचो. ज्याने घातली तो "सुटली" म्हणेपर्यंत बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. पण इथे ते म्हणायचं म्हणजे काकांनी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं की आपण वर जाणार नाही. त्यांनी आधी तंबूच्या छताकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"वहिनी, तुले लई जायचं आहे ना?"

"हो. लई जायचं आहे."

"सुटली," काका म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाले, "सुटली, सगळ्यांची सुटली. आता झोपा. मले झोपू द्या."

ते झोपले नाहीत. बॅगेत तोंड घालून पडून राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला.

उजाडायच्या आत दोर्जे चौघांना घेऊन निघाला. बुटाखाली लोखंडी काटे बांधले, दोर बांधला. प्रत्येकाच्या गळ्याशी हात घालून कपडे कोरडे आहेत का ते मी पाहिलं. सरांचे बूट सैल होते. "सर, बूट नीट बांधा," मी म्हटलं. त्यांनी वाकून बांधले.

दिवसभर काका आणि मी वायरलेसभोवती बसून होतो. मला वाटलं होतं, ते कटकट करतील. पण ते डोळे बारीक करून शिखराच्या उतारावरचे चार-पाच ठिपके शोधत राहिले. ठिपके थांबले की ते उठून उभे राहायचे, चालायला लागले की बसायचे. मी पाण्याची बाटली पुढे केली तर ते "आधी तू पी" म्हणून मलाच दटावायचे. शेवटी ठिपके दिसेनासे झाले आणि नंतर खरखर आली. वहिनींचा आवाज होता, धाप लागलेला.

"काका, पोचलो आम्ही. चौघंही."

काकांनी माझ्या हातातला वायरलेस घेतला. बटण दाबून ठेवायचं असतं हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग म्हणाले, "वर ऊन आहे का?"

"लई आहे."

"गमछा ओला करू नका," काका म्हणाले, आणि वायरलेस माझ्याकडे देऊन तोंड फिरवून बसले. त्यांचे खांदे हलत होते. या वेळी थंडीने नव्हे.

गावी हार घेऊन आलेल्यांना काकांनी स्वतःच सांगितलं की मी वर गेलो नाही, हे चौघं गेले. हार त्यांनी वहिनींच्या गळ्यात घातला. वहिनींची जाऊही आली होती. वहिनींनी पिशवीतलं एक केळं काढून तिच्याही हातात ठेवलं.

यंदा नवा ग्रुप तयार होतोय, काका त्यात आहेत. मी आता बुऱ्हाणपूरच्या लोकांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते: अंगावर ओलं काही ठेवायचं नाही आणि एकमेकांना शब्द द्यायचा नाही. पहिली ऐकतात. मागच्या रविवारी असीरगडावर कोणीतरी पुन्हा हात पुढे केला, त्यावर दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. काकांनीही सगळ्यात वर हात ठेवला. मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आधीच सांगून ठेवतो. सुटली."