बांगड्यांत बांधलेली कादंबरी

मुडबीच्या कासारीण अक्कानं हात धरला की कसल्याबी बाईचा हात लोण्यावानी मऊ व्हायचा. लोक म्हणायचे, तिच्या बोटात जादू हाय. जादू बोटात नव्हती, तोंडात व्हती. बाई समोर बसली की अक्का तिचा पंजा मांडीवर घ्यायची, अंगठा आत दुमडायची आन् आपण वाचत असलेली कादंबरी सांगाया लागायची. "मग त्या पोरीनं कडी काढली, दार लोटलं, आन् बगती तर काय..." इतकं म्हणून थांबायची. बाई आ वासून बसलेली, हाताचं भान न्हाई, तेवढ्यात बांगडी सर्रकन मनगटावर. पुढली बांगडी हातात घेऊस्तवर गोष्टबी पुढं सरकायची न्हाई. डझनभर बांगड्या भरून झाल्या की बाई म्हणायची, "अक्का, अजून दोन भर की." हाताला जागा नसली तरी.

मी मल्या. अक्काची पेटी आन् पुस्तकाचं गाठोडं माझ्या टट्टूवर लादून गावोगाव न्यायचो. आमच्या घरात आधी मेंढरं व्हती. मेंढरं गेली, टट्टू राहिलं, आन् मी राहिलो. आमच्या दोघांत टट्टू शाना. वाचाया दोघांलाबी येत नव्हतं, पण टट्टू तसं कुणाला सांगत फिरायचं न्हाई आन् शिफारसबी करायचं न्हाई. मी करायचो. पुस्तकं वाहून वाहून मला वाटायला लागलं व्हतं की आपल्यालाबी त्यातलं कळतंय. जाड पुस्तक रडायचं, बारीक पुस्तक हसायचं, असा माझा हिशोब. मुडबीतल्याच एका म्हातारीला मी "घे, लई रडवतंय" म्हणून जाडजूड पुस्तक दिलं. ते निघालं जनावरांच्या रोगाचं. सुनंनं वाचून दाखिवलं, आन् म्हातारी खरंच ढसाढसा रडली, कारण तिची म्हस त्याच रोगानं गेलती. अक्का म्हणली, "मल्या, तुझं खोटंबी खरं निघायलंय. आता मी भ्यायला पायजे."

अक्काचं माहेर सोलापूर. नवरा तरणाच गेला. समद्या मुलखाच्या सवाष्णींला बांगड्या भरायची, पण तिचे सोताचे हात मोकळे. त्यावरनं कुणी कळवळली की अक्का म्हणायची, "बरं हाय माय, पान उलटताना वाजत न्हाई." आपल्या हिकडं निजामाच्या राज्यात मराठी पुस्तक म्हणजे उंबराचं फूल. कचेरीत उर्दू, बाजारात कानडी, आन् देवळात ज्याला जे येतंय ते. अक्का माल आणाया सोलापूरला गेली की बांगड्याबरोबर कादंबऱ्या आणायची. मुडबीपासनं संतपूरपतुर गावोगाव एखाददुसरी पोरगी, एखादी सून वाचणारी असायची. ती वाचायची, बाकीच्या भवती बसून ऐकायच्या, आन् पुढल्या गावाला निरोप जायचा की हे घ्याच.

निरोपाची रीत न्यारी व्हती. पुस्तक चांगलं का वाईट हे भाकरीवरनं ठरायचं. ऐकता ऐकता तव्यावरची भाकर करपली तर पुस्तक भारी. "तीन भाकरीचं हाय बग," असं एक दुसरीला सांगायची, आन् दुसरी पदर खोचून म्हणायची, "मग आज भातच टाकते." एका घरचा दादला अक्कावर धावून आला, "बाई, आमाला काळ्या भाकरी खायला लावायलीस." अक्कानं त्यालाच भिंतीला बसवून एक पान ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बैल दुसऱ्याच्या रानात चरायलता.

सोलापूरच्या वाटंवर करोडगिरीचा, म्हंजी निजामाच्या जकातीचा नाका व्हता. तिथले जवान लांब मिशीचे. पहिल्यांदा गाठोडं सोडून म्हणले, "ये क्या है, बाई?" अक्का म्हणली, "किस्सा हाय, साहेब." "कैसा किस्सा?" अक्कानं सांगितला. लग्नाच्या दिवशीच बोटीत बसून गेलेला नवरा, त्याची वाट बघणारी वकिलाची पोरगी, आन् पुष्कळ सालानं दारात उभा राहिलेला एक जोगी. त्याच्या हातावर नवऱ्यासारखाच तीळ. जोगी म्हणतोय, मीच तो. आता हा नवरा का भामटा, हितं दुसरा भाग संपतोय. त्यातल्या एका जवानानं हातातली मिशी सोडून दिली. "आगे?" "तिसरा भाग छापून यायचा हाय, साहेब." जवान म्हणला, "भामटा है. मेरे को आँखों से मालूम पड़ता." डोळे कुणाचे, कुणाला ठावूक. अक्का नाक्यापासनं लांब येईपतुर हसायलती.

ह्या कादंबरीनं आमचा मुलूख येडा करून टाकला. पाणवठ्यावर दोन तट पडले, नवरा म्हणणाऱ्या एका अंगाला, भामटा म्हणणाऱ्या दुसऱ्या अंगाला. समद्यात येडी झालती संतपूरची सुभद्रा. तिचं लग्न ठरलेलं, आन् सासर निंबर्गा. तिकडल्या घरात झाडून समदे कानडी. ती म्हणली, "अक्का, तिथं गेल्यावर मला मराठी कोण वाचून दाखिवणार, आन् मला कोण वाचू देणार? चुडा भराया येशील तवा शेवट सांग. शेवट ऐकल्याबिगर मी हात देणार न्हाई." अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. आन् अक्काचं कबूल म्हणजे कबूल. पुस्तकात न्हाई ते माझ्या तोंडात न्हाई, असं ती म्हणायची, आन् बायकाबी तिच्यावर त्यासाठीच भरवसा ठेवायच्या.

तिसरा भाग आला. अक्कानं छापखान्यातनंच घाईत आणलेला, बांधणी न्हाई, पुठ्ठा न्हाई, नुसती सुटी पानं सुतळीनं आवळलेली. घरी आली ती अक्का तापानं फणफणली. वाचायचं राहिलं. तिकडं लगीनसराई तोंडावर, गावोगावच्या बांगड्या पोचवायच्या. मी म्हणलं, अक्का, तू पड, मी बघतो. आता बांगड्याची एकेक माळ कागदात गुंडाळावी लागती, न्हाईतर वाटंतच वाढती. आमच्यात बांगडी फुटली म्हणायचं न्हाई, वाढली म्हणायचं. मी कागद हुडकाया लागलो. पुस्तक कसं ओळखायचं हे मला ठावूक व्हतं, पुठ्ठा असला की पुस्तक. पुठ्ठा नसला की रद्दी. कोपऱ्यात चांगली कोरी करकरीत रद्दी पडलेली. मी सुतळी तोडली आन् एकेका माळंला एकेक पान असं गुंडाळलं की बघणारानं म्हणावं, कासाराच्या पोटचा हाय. अक्का उठली तेव्हा मी समदा माल वाटून, छाती फुगवून दारात बसलो व्हतो.

"मल्या, तिसरा भाग कुठं हाय?"

"कसला भाग?"

अक्कानं सुतळी बघितली, माझ्याकडं बघितलं, टट्टूकडं बघितलं. रागवली न्हाई. भिंतीला टेकून खाली बसली आन् म्हणली, "वाटलास व्हय. बरं केलास. आजवर मी गावाला एक पुस्तक देत व्हते, तू घराला एकेक पान दिलास."

आन् तसंच झालतं. आमी पानं गोळा कराया निघालो, तर वाटंत गावंच्या गावं पेटलेली. ज्या घरी जे पान गेलं ते त्या घरानं वाचून घेतलेलं, आन् जी ती आपल्या पानाची शिफारस करायली. "माझं पान ऐक ग, जोगी रडायलाय त्यात." "तुझ्या जोग्याला काय करायचंय, माझ्या पानावर आग लागल्या." एका गावात जोगी मेला व्हता आन् बायका सुतकी तोंड करून बसल्या व्हत्या. कोसभर पुढल्या गावात तोच जोगी लाडू खायला बसलेला. मेलेला जोगी लाडू कसा खातोय म्हणून दोन जावा एकमेकीशी बोलत नव्हत्या. अक्कानं पानांचा क्रम लावून दिला, आधी लाडू, मागून मरण, तवा कुठं त्या बोलाया लागल्या. मरणबी खोटं निघालं, पण तसं सांगणारं पान एकीनं सुपाच्या भोकाला चिकटवलेलं व्हतं. एका आजीनं तर पान देवापुढं ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलेलं. म्हणली, "अक्षर हाय बाबा, पायाखाली येऊ नये." मी मान हालवून म्हणलं, "खरं हाय, आजी."

संतपूरला पोचलो तवा समदी पानं अक्काच्या हातात व्हती, शेवटचं सोडून. तेवढं कुठंच न्हाई. मांडवात पाहुणे, निंबर्ग्याचं वऱ्हाड सांजच्याला यायचं, आन् सुभद्रा मुठी आवळून बसलेली. अक्कानं पहिल्यापासनं शेवटल्या आधीच्या पानापतुर समदं सांगितलं. जोगी दारात, पोरगी आत, हातात दिवा, तिनं इच्यारलं, तू कोण? हितं पान संपलं.

"पुढं?" सुभद्रा म्हणली.

"पुढलं पान हरवलंय, लेकी."

सुभद्रानं मुठी काखेत घातल्या. तिची आई कासावीस झाली. लग्नाचा चुडा भरताना एक जरी बांगडी वाढली तर वाईट म्हणत्यात, आन् अशा आवळल्या मुठीवरनं भरायची म्हणजे समदा चुडा वाढणार. आईनं अक्काला बाजूला घेतलं. "अक्का, काहीबी सांगा तुमी. नवरा हाय म्हणून सांगा, आन् मोकळं व्हा. तिला काय कळतंय."

"तिला न्हाई कळणार," अक्का म्हणली, "मला कळंल की. पुस्तकात न्हाई ते मी सांगत नसते, माय."

"पोरीचं लगीन मोडंल."

"मी बसते हितं. तिचा हात सैल पडंपतुर बसते."

अक्का हटना, पोरगी हटना. आईनं मला फर्मावलं, "अरे बाबा, तू तरी आत येऊन अक्काला सांग." मी उंबऱ्यापाशी आलो आन् पायताण काढलं. त्याला टाचंखाली भोक व्हतं. वाटंत खडे टोचत्यात म्हणून माल वाटाया निघतानाच मी आत एका कागदाची घडी घातली व्हती. तीबी उरलेल्या रद्दीतली. पायताण उलटं झालं आन् घडी भाईर पडली. अक्काची नजर तिथं गेली. तिनं दोन बोटांनी ती घडी उचलली, उलगडली. आजीचं हळदकुंकू मला तवा आठवलं.

गावोगाव जे पान हुडकत हिंडलो, त्याच्यावरच चालत व्हतो मी. टाचंच्या जागी आरपार भोक, बाकीचं घामानं आन् चिखलानं लगदा. अक्कानं उजेडात धरून वाचलं, "'...तिने दिवा वर केला आणि...'" मग भोकातनं माझ्याकडं बघितलं. "हितनं पुढं मल्याची टाच हाय."

मी म्हणलं, "सुभद्राबाई, पायाला तीळ हाय माझ्या. चालंल का बघा."

आधी सुभद्राच्या नाकातनं फुस्सकन आवाज आला. मग ती अशी हसाया लागली की पदर तोंडात कोंबूनबी आवरंना. तिची आई हसाया लागली, मावश्या हसाया लागल्या, निरोप घेऊन आलेला वऱ्हाडातला माणूस काही न कळता हसाया लागला. अक्का तेवढी हसली न्हाई. तिनं गपचीप पोरीचे हात काखेतनं काढून आपल्या मांडीवर घेतले आन् म्हणली, "आन् ह्यो आजीला म्हणतोय, खरं हाय." सर्रकन बांगडी. "पुठ्ठा असला की पुस्तक म्हणतोय ह्यो." सर्रकन दुसरी. माझा येडेपणा असा बारीक बारीक सांगत तिनं दोन्ही हातांचा हिरवा चुडा भरला. एक बांगडी वाढली न्हाई.

सुभद्रा डोळे पुसून म्हणली, "पण अक्का, शेवट?"

"पोचवीन. हसलीस म्हणून सुटले असं समजू नकोस."

त्या साली अक्का माल आणायचा नसतानाबी सोलापूरला गेली. परतताना वाट वाकडी करून आमी निंबर्ग्याला थांबलो. बांगड्यावाली आली म्हणून घरातल्या समद्या बायका भवती जमल्या. सुभद्रानं त्यांला अर्धी गोष्ट कानडीत कवाच सांगितली व्हती. तिथंबी दोन तट पडलेले, सासू एका अंगाला, नणंदा दुसऱ्या अंगाला. अक्कानं नवं पुस्तक, पुठ्ठ्याचं, सुभद्राच्या पदरात टाकलं. ती चुलीमागं जाऊन शेवटचं पान वाचून आली. तोंड लाल. सासूनं इच्यारलं, "येनु?" सुभद्रानं अक्काकडं बघितलं आन् सासूला कानडीत म्हणली, "अत्ते, पहिल्यापासनं ऐकलात तर सांगते. रोज एकेक पान." सासूनं लगीच पोरींला दिवा पुसाया लावला. मला कुणी काही सांगितलं न्हाई.

निजामाचं राज्य उठायच्या आधीच्या गडबडीत अक्का माहेरी जायाला निघाली. गुडघे गेलते तिचे. टट्टूवर बसवून मी तिला नाक्यापतुर नेलं. पल्याड तिचा भाचा गाडी घेऊन उभा. मोकळी पेटी तिनं मला ठेवली, आन् माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मला रडू यायलं, म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"अक्का, आता तरी सांग की. नवरा व्हता का भामटा?"

अक्का गाडीत चढली, पाय सावरून बसली, आन् माझ्या पायाकडं बघून म्हणली, "संतपूरपतुर त्याच्यावरनं तूच चालत गेलास, मल्या. आन् मला इच्यारायलास?"

गाडी वळणापलीकडं गेली तरी तिचं हसू ऐकू यायलतं. नाक्यावरचा तोच जवान मिशीला पीळ देत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आन् म्हणला, "क्या बोली? भामटा ना?"

मी म्हणलं, "हौ, साहेब." दुसरं काय म्हणणार.