गूळ घालायचा नाही

“गूळ ठिव तिकडं,” उंबऱ्यातूनच मावशींचा हुकूम आला. पदर कमरेला खोचून त्या आत शिरल्या, की घर कुणाचं हा प्रश्नच उरत नसे.

श्रीरामपुरात त्या आमच्या समोर राहायच्या. दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर सगळी गल्लीच त्यांचा वॉर्ड झाली. नळावर कुणी रांग मोडली, कुणी सुनेवर आवाज चढवला, की मावशी दारात हजर. लोक म्हणायचे, तोंडाची फार तिखट. तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. पाठीमागे नावं ठेवायची आणि अडलं की तिचंच दार वाजवायचं.

त्या दिवशी मी अडलो होतो. आई जाऊन महिना झाला होता. माझे वडील, अण्णा, ताटावर बसून दोन घास चिवडत आणि उठत. डोळ्यांत एकदाही पाणी नाही. अंगातला सदरा ढिला व्हायला लागला, तशी मला भीती वाटू लागली. काय खाल, असं मी रोज विचारायचो. त्या सकाळी पहिल्यांदाच ते म्हणाले, “येसराची आमटी कर. तिच्यासारखी.”

येसर म्हणजे धान्य आणि डाळी भाजून दळलेलं मसालेदार पीठ. आमटीत ते मुठीनं पडतं, काळं तिखट चमच्यानं. आईनं दोन्ही एकसारख्या डब्यांत भरून ठेवलेली, आणि वासावरून ओळखावं एवढी अक्कल मला नव्हती. मी मूठभर काळं तिखट घातलं. चाखलं आणि ठसका लागला. गूळ टाकून बघावा म्हणून खडा हातात घेतला, तोवर ठसका ऐकून मावशी आल्या.

“गुळानं तिखट लपतं, मरत न्हाई. आन् पानी वतलं तर निस्तं तिखट पानी हुईल.”

“मग फेकूनच देतो, मावशी.”

“मानूस तिखट झालं म्हनून फेकतोस व्हय?”

त्यांनी अर्धी आमटी बाजूला काढली. उरलेल्या अर्धीत शिजलेली तुरीची डाळ घोटून ओतली. मग दुसरा डबा हुंगून त्यातलं येसराचं पीठ पाण्यात कालवलं, आमटीत सोडलं, चांगलं उकळू दिलं. वरून शेंगदाण्याचं कूट. मी चाखलं. चटका अजून होताच. मी कुटाचा डबा पुन्हा उचलला.

“बास. एवढं ऱ्हाऊ दे.”

“अण्णांना सोसायचं नाही.”

“सोसंल. तू गप.”

अण्णांनी भाकरी कुस्करली. मावशी समोरच मांडी घालून बसल्या. तिसऱ्या घासाला अण्णांचं नाक वाहायला लागलं, मग डोळे.

“लई तिखट हाय.”

“हाय ना. मग रडा आता खुशाल. कुनी इचारनार न्हाई.”

अण्णा रडले. हुंदके देत देत जेवले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. मावशींनी ती वाढली आणि चपला घालून निघूनही गेल्या.

मागच्या थंडीत मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, मला बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांचा मुलगा कानाशी म्हणाला, “दादा, आईबद्दल जरा गोड बोला.” मी म्हणालो, मावशी तिखट होत्या, आणि त्या तिखटानंच आमच्या घरातला माणूस वाचवला. मागं दोघीचौघींनी नाकं मुरडली. मुरडोत. मी गूळ घालणार नव्हतो.

पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. जेवणं अजून सुरू व्हायची होती, तरी त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.