आरशावरचा वेल

न्हाव्याच्या बायकोनं दुकानातल्या आरशाभोवती मनीप्लांटचा वेल सात वर्षं दोऱ्यानं बांधत चढवला होता. एकदा एका टकल्या गिऱ्हाइकानं कुरकुर केली, "अहो, पानं कानात शिरतायत!" न्हाव्यानं मागचापुढचा विचार न करता सगळा वेल कात्रीनं सपासप कापून टाकला.

दुपारी बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "मला सांगायचं होतंत. वर बांधला असता," एवढंच म्हणून ती जमिनीवरच्या केसांतून वेलाचे तुकडे वेचू लागली. न्हाव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीतलं गिऱ्हाईक तसंच ठेवून तोही वेचायला बसला.

बाटलीतल्या पाण्यात तुकड्यांना महिन्याभरात मुळं फुटली. बायकोनं ते घरच्या खिडकीत लावले. एखादा दुकानात लावायला दे, असं म्हणायला न्हाव्याची जीभ काही रेटली नाही.