लाल सदरे, पांढऱ्या बाह्या

अमरावतीच्या मिशनच्या बागेत मोतीराम माळ्यानं उभी हयात मोगरा वाढवला, पण लोक त्याला ओळखत ते फुटबॉलमुळे. मिशनमधला म्हातारा फ्रेंच पाद्री रँस गावचा. तिथल्या संघाचे सदरे लाल, बाह्या पांढऱ्या. पाद्र्यानं तसेच सदरे शिवून घेतले, मजूर-माळ्यांच्या पोरांचा संघ उभा केला आणि मोतीरामच्या हवाली केला. छप्पन साली रँस युरोपच्या अंतिम सामन्यात दोन गोलांनी पुढे असूनही हरलं, हे ऐकून मोतीराम जेवला नव्हता. बासष्ट साली पॅरिसच्या एका संघाशी गुण सारखे झाले आणि गोलांच्या सरासरीवर रँस फ्रान्समध्ये अजिंक्य ठरलं. तो हिशेब पाद्र्यानं त्याला फरशीवर खडूनं करून दाखवला.

पुढं पाद्री वारला. फ्रेंच वर्तमानपत्र मात्र बोटीनं, उशिरानं, येत राहिलं. मोतीरामला त्यातलं रँसचं नाव आणि आकडे तेवढे ओळखता येत. बाकीच्या पानांत तो फुलांचे पुडे बांधी.

चौसष्टच्या उन्हाळ्यात ते नाव गुणतक्त्याच्या तळाशी दिसू लागलं. आदल्याच वर्षी रँस दुसरं आलं होतं.

"तिकडं ते बुडून राहिले, अन् तुमचं तोंड कावून उतरलं?" त्याची बायको मैना म्हणाली. "तिथं कोणी वळखते तरी का तुमाले?"

अकोल्याच्या स्पर्धेत त्याचा संघही तळाशीच होता. शेवटच्या संघाला पुढच्या वर्षी प्रवेश नव्हता. मिशनच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी तर बजावलंच होतं, "बाहेर पडलात, की मैदान शाळेला हवं."

शेवटचा सामना अकोल्यात, जुलैच्या चिखलात, मालधक्क्याच्या हमालांशी. दोघांचे गुण सारखेच होते; बरोबरी झाली तर ते सारखेच राहणार आणि दोघांपैकी एक शेवटचा ठरणार होता. मध्यंतराला कर्णधार सहदेव धापा टाकत आला.

"मामा, त्यायचा गोलकीपर लंगडून राहिला. चढू द्या आमाले."

"काई गरज नाही. बरोबरी पुरे. गोल आपले जास्त हायेत."

"पण इथं तसं मोजतात का?"

"फ्रान्सात मोजते, तं अकोल्यात काय येगळं गणित हाय?"

पोरं मागं राहिली. एकही गोल झाला नाही. शिट्टी वाजली तसा मोतीराम चिखलात धावला आणि त्यानं सहदेवला मिठी मारली.

पंच खुशालराव छत्री सावरत आले. "कायची मिठी, मोतीराम? गुण सारखे झाले, तं आपसात कोण जिंकलं ते पाहतो आमी. मागच्या खेपेस हमालायनं तुमाले हरवलं होतं."

"अन् गोल?"

"गोल कोण मोजते बाप्पा?"

मोतीरामनं त्यांचे पाय धरले. "साहेब, धा मिनिटं खेळू द्या अजून. पोरं थकली नाहीत."

"उठा भाऊ. जाळ्या सोडल्या लोकायनं."

संध्याकाळच्या गाडीनं ते परतले. बडनेऱ्याला उतरताना सहदेव एवढंच म्हणाला, "लंगडत होता तो, मामा."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्र आलं. हंगाम संपला होता, आणि नाव तळाशीच होतं. तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात, हे पाद्र्यानं त्याला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा निरोप आला: गोलचे खांब काढा. मिशनचा माळी तोच, तेव्हा काम त्याचंच. तीन खांब लवकर निघाले. चौथा निघेना. मोतीराम पहारीनं तो हलवत दुपारपर्यंत तिथंच होता.