ताई रजेवर घरी आली त्याची गोष्ट

आमच्या घरात एक सिस्टर आहे, म्हणजे ती आमच्या घरात नसते. माझी थोरली बहीण. नन व्हायचं व्रत घेतलं तेव्हापासून ती देवाची, शाळेची आणि लोकांच्या पोरांची झाली. आमच्या वाट्याला उरलीसुरली रजा येते, तीही मदर सुपिरिअरच्या मर्जीनं.

यंदा तिची बदली पार आसामात झाली. जाताजाता एक दिवस सोलापुरात, भवानी पेठेत घरी, संध्याकाळच्या गाडीनं पुढं. आई ऐंशीच्या पुढची. पुन्हा भेट कधी, ते देवालाच ठाऊक, आणि तो कळवत नाही.

"कुणाला सांगू नगंस," आईनं मला बजावलं. "एक दिवस तरी माझ्याजवळ बसू दे तिला."

"मी कशाला सांगतोय?"

आणि सांगितलंही नाही. फक्त ताई शेंगापोळी खाताना फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. (स्टेटस टाकणं म्हणजे सांगणं नव्हे, असं माझं प्रामाणिक मत होतं.)

पहिली पोळी संपायच्या आत दारात रिक्षा. रिक्षावाला ताईचा जुना विद्यार्थी. इथल्या शाळेत ताईनं इतकी वर्षं शिकवलंय, की निम्म्या सोलापुरानं तिच्या हातची छडी खाल्लीय.

"सिस्टर, पोरीला ॲडमिशन पायजे की."

"अरे, मी आता त्या शाळेत नाही."

"तुमी नुसता एक शब्द टाका."

त्याच्यामागं साडीच्या दुकानाचे मालक. मग एक बाई पोराला घेऊन, "ह्याचे पाढे तेवढे बघा." ताईचा हा जुना रोग. पोर समोर दिसलं की तिला जेवण, घर, आई, काही आठवत नाही. मला लई राग येतो त्याचा.

"झालं का गं?" स्वयंपाकघरातून आई.

"पाचच मिनिटं, आई."

दुपारपर्यंत ती पाच मिनिटं संपली नाहीत. रांग गल्लीत गेली, ढकलाढकली सुरू झाली, तेव्हा मी सूत्रं हाती घेतली. जन्मभर मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसलोय. हात पुढं आला की नंबर द्यायचा, तोंड बघत बसायचं नाही. कागद फाडले, चिठ्ठ्या केल्या, बाकडं टाकलं. शिस्त आली. उरलेल्या शेंगापोळ्यासुद्धा रांगेत वाटून टाकल्या.

"दादा, व्यवस्था लई भारी हाय," साडीवाले म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

उन्हं कलली. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. "सिस्टर, चला, गाडी चुकंल."

ताईनं पिशवी उचलली. "कुणी राहिलंय का?"

"मी ऱ्हायलीय," बाकड्याच्या टोकावरून आवाज आला.

आई बसली होती. नवं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन. ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं आईच्या मांडीत डोकं घातलं. हॉर्न थांबला. पण गाडी काही थांबणार नव्हती, आणि ताईला उठावं लागलंच.

रिक्षा वळणाआड गेल्यावर मी आईवर खेकसलो, "घर तुझं, पोरगी तुझी. रांगेत कशाला बसलीस? सरळ तिच्याजवळ जायचं की."

आईनं मूठ उघडली. घामानं भिजलेली चिठ्ठी होती. नंबर एकतीस.

"तिच्याकडंच चालले हुते," ती म्हणाली. "वाटेत तुला बाजूला हो म्हणून हात केला, तर तू ही दिलीस."

अक्षर मात्र सुरेख आलं होतं.