बंद गेटावरची हाजरी

मिल चालू होती तेव्हा आमच्याकडे किस्से नव्हते. लूमच्या आवाजात कोण कोणाला काय सांगणार? मिल बंद पडली, माणसं गेटासमोरच्या निंबाखाली बसायला लागली, आणि एकेकाच्या पोटातून किस्से बाहेर पडायला लागले. आता इतके झालेत की कुठून सुरू करावं कळत नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला, मिलमधला बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी उभा राहणारा. लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आमचं गाव खानदेशात, तापीच्या काठी. तिथली बरीच माणसं मिलसाठी इंदूरला आली. माझे वडील, म्हणजे दादा, मिसरूड फुटायच्या आत आले आणि लूमवर लागले.

मिल बंद झाली त्याच आठवड्यात बातमी पसरली. मिल पुन्हा उघडेल, पण ज्याची हाजरी रोज लागलेली असेल त्यालाच आत घेतील. एक दिवस चुकला की नाव कटलं. कागद कोणीच पाहिला नव्हता. दादांना हे कौतिकभाऊंनी सांगितलं होतं. कौतिकभाऊ आमच्या गावचे, दादांच्या शेजारच्या लूमवरचे. मी त्यांना विचारलं, तर इंदुरी ढंगात म्हणाले, "मला तर तुझ्या बापानेच सांगितलं, भिया."

तरी सकाळी सातला सगळे गेटावर. टाइमकीपर देवधरसाहेब स्टुलावर बसून नावं पुकारायचे आणि माणसं "हाजिर" म्हणायची. असं दोन वर्षं चाललं.

*

माझा आवाज लहान. चारचौघांत तर निघतच नाही. पहिल्या दिवशी माझा "हाजिर" साहेबांपर्यंत पोहोचलाच नाही. मी घाबरून हात वर केला.

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "हात कुठे मांडू मी रजिस्टरमध्ये? आवाज दे."

त्या दिवसापासून आई मला रोज घरून निघताना तीनदा "हाजिर" म्हणायला लावायची. शेजारच्या बाईने विचारलं, "पोराला काय झालंय?" आई म्हणाली, "नोकरी."

*

कौतिकभाऊ गावात गुरं राखायचे. मिलमध्ये आले त्या दिवशी लूम सुरू झाल्यावर ते दाराकडे पळाले होते. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, धोतर धरून परत आणलं. त्यानंतर आयुष्य त्याच लूमवर गेलं.

बंदच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांना जुलाब लागले आणि सरकारी दवाखान्यात भरती केलं. सकाळी नर्स येते तर खाटेवर नुसती सलाईनची नळी. इकडे गेटावर टेम्पोतून कौतिकभाऊ उतरले. अंगात दवाखान्याचे कपडे, हाताला सुई तशीच. "हाजिर" म्हणाले आणि त्याच टेम्पोने परत गेले.

डॉक्टर ओरडले, "कुठे गेला होता?"

कौतिकभाऊ म्हणाले, "ड्यूटीवर."

*

सीतारामबापू आमच्याच गावचे. गावात त्यांना विहिरीवर चढू देत नव्हते, म्हणून गाव सोडलं. मिलमध्येही लूमवर घेतलं नाही. तेव्हा लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. ते जन्मभर सूत कातायच्या खात्यात राहिले.

एकदा निंबाखाली कोणीतरी म्हणालं, "बापू, लूमखातं बंद, सूतखातंही बंद."

बापूंनी सुपारी कातरत म्हटलं, "हां. आत्ता कुठे बरोबरीत आलो."

कोणी हसलं नाही. दादांनी मान खाली घातली.

*

एका सकाळी हाजरी चालू असताना गेट उघडलं. सगळे उठून उभे राहिले. आतून एक ट्रक निघाला, वर ताडपत्री. खड्ड्यात चाक आदळलं आणि एक लोखंडी दातेरी चाक रस्त्यावर पडलं. दादांनी ते उचललं, पंच्याने पुसलं. ट्रक निघून गेला. चाक कोणाला द्यायचं ते कळेना, म्हणून त्यांनी ते चौकीदाराच्या पायाशी ठेवलं.

देवधरसाहेब पुढचं नाव पुकारायला लागले.

मी म्हणालो, "आत मशिनीच राहिल्या नाहीत, तर हाजरी कशाची?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मीच ट्रक भरला होता. कौतिकभाऊ म्हणाले, "हे बोलायला आवाज बरोबर निघतो रे तुझा."

*

मग गावाहून चुलतभाऊ आला. आजीने अन्न सोडलं होतं. नामदेव आला का, नामदेव आला का, एवढंच विचारत होती. नामदेव म्हणजे दादा.

दादा म्हणाले, "येतो." पण गेले नाहीत. भाऊ एकटाच परतला. चार दिवस दादा रोज सकाळी पिशवी भरायचे, गेटावर यायचे, "हाजिर" म्हणायचे आणि पिशवी घेऊन घरी यायचे. रात्री ताट बाजूला सारायचे. "इतकी वर्षं तिला सोडून इथे राहिलो," आईला म्हणाले, "आता नावच कटलं तर ते सगळं कशासाठी?"

पाचव्या दिवशी मी त्यांना स्नेहलतागंजात देवधरसाहेबांच्या घरी घेऊन गेलो. दादा दाराशीच उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी आत बसवलं. 

मग म्हणाले, "नामदेव, तू आजच्या आज निघ. हाजरी घ्यायला मला कोणीच सांगितलेलं नाही."

दादांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"पहिल्या दिवशी मी सवयीने आलो. बघतो तर तुम्ही सगळे उभे. मला वाटलं, तुम्हाला हुकूम आला असेल. हाजरी नाही घेतली तर माझंच नाव कटेल, म्हणून घेतली. मिलचं रजिस्टर तर केव्हाच संपलं. ही वही मी बाजारातून आणतो."

"मग बंद का नाही केली साहेब?" मी विचारलं.

"भीती वाटते," साहेब म्हणाले.

चहा आला. दादांनी बशीत ओतला, प्यायले, कप बाजूला ठेवला. उठले आणि हात जोडले.

"समजलं साहेब," दादा म्हणाले. "पण माझी चार दिवसांची रजा तेवढी मांडून ठेवा."

देवधरसाहेबांनी वही पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कारण काय लिहू?"